भाषेला आपण काय म्हणतों?



शब्दांचे अर्थ सांगणारीं भाषणें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. आजचा विषय त्याच जातीचा, परंतु किंचित् निराळा आहे. भाषेच्या साह्यानें आपण जगांतील यच्चयावत् वस्तूंना नांवें देतों. मात्र खुद्द भाषेला आपण जीं नांवें आणि विशेषणें देतों, त्यांचा मूळ अर्थ काय आणि आज तीं आपण कोणत्या अर्थानें वापरितों, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. भाषा, बोली, संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, शुद्ध, अशुद्ध, नागर, ग्राम्य, प्रमाण, मातृभाषा, राजभाषा, अभिजात हे ते शब्द होत. दिसावयास हे सारे वर्णनाचे शब्द आहेत. परंतु वर्णन निराळें आणि निवाडा निराळा. ‘घर दुमजली आहे’ हें वर्णन झालें. ‘घर हलकें आहे’ हा निवाडा झाला. ‘अमक्याची भाषा अशुद्ध आहे’ असें म्हणतांना आपण वर्णन करीत असतों कीं निवाडा देत असतों, हा प्रश्न आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. आमच्या हिंगोली जिल्ह्यासारख्या ठिकाणीं तो रोज शाळेच्या दारांत उभा असतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगांव या पांच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस वऱ्हाडचा मुलूख लागतो, पूर्वेस नांदेड जिल्हा आणि त्याही पलीकडे तेलुगू बोलणारा प्रदेश. येथील मराठीलाच दोनतीन वळणें आहेत. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. मोहल्ल्यांतून दखनी वळणाची उर्दू ऐकूं येते. अशा ठिकाणीं पहिलीच्या वर्गांत बसलेल्या मुलांच्या तोंडीं तीनचार तऱ्हांचें बोलणें असतें आणि गुरुजींच्या हातांत पुस्तक मात्र एकच असतें. त्यांपैकीं कोणाच्या बोलण्यास गुरुजी कोणतें नांव देतात, यावर त्या मुलाचें पुढें पुष्कळ कांहीं अवलंबून राहतें.

प्रथम ‘भाषा’ आणि ‘बोली’ ही जोडी घेऊं. ‘भाषा’ हा शब्द ‘भाष्’, म्हणजे बोलणें, या संस्कृत धातूपासून झाला. जी बोलली जाते ती भाषा. पाणिनीनें आपल्या व्याकरणांत वेदमंत्रांच्या भाषेसाठीं ‘छंदस्’ हा शब्द योजिला आणि आपल्या काळचे शिष्ट लोक जें बोलत त्यासाठीं ‘भाषा’ हा शब्द योजिला. म्हणजे बोलण्यांत असलेली ती भाषा, असाच अर्थ त्याच्या मनांत होता. पुढें काळ पालटला. संस्कृत ही मुख्यत्वें विद्वानांच्या ग्रंथांची भाषा होऊन बसली, तेव्हां ‘भाषा’ हें नांव लोकांच्या चालू बोलण्याकडे आलें. संस्कृत ग्रंथावर लोकांच्या बोलण्यांत लिहिलेल्या टीकेस ‘भाषाटीका’ म्हणण्याची चाल पडली ती यामुळेंच. ‘बोली’ हा शब्द तर ‘बोलणें’ या क्रियापदाचाच, आणि त्याचें मूळ प्राकृतांतील ‘बोल्ल’ या धातूंत आहे. तेव्हां व्युत्पत्ति पाहूं गेल्यास दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. एक संस्कृताच्या घरून आला आणि दुसरा प्राकृताच्या घरून आला, एवढाच काय तो फरक. दर बारा कोसांवर भाषा बदलते, अशी आपली जुनी म्हण आहे. त्या म्हणींतही ‘बोली’ हा शब्द नाहीं, ‘भाषा’ हाच आहे.

मग आज भाषा ही थोरली आणि बोली ही धाकटी असें आपण कां मानतों? याचीं तीन कारणें सांगण्यांत येतात. भाषेला लिपि असते, व्याकरण असतें आणि वाङ्मय असतें. बोलीला यांपैकीं कांहीं नसतें. हीं कारणें एकेक करून तपासून पाहूं. लिपि ही भाषेच्या अंगावरील वस्त्रासारखी आहे. मराठी, हिंदी आणि नेपाळी या तीन भाषा एकाच देवनागरींत लिहितात, तर एकटी कोंकणी देवनागरी, रोमन आणि कानडी अशा निरनिराळ्या लिपींत लिहिली गेली आहे. व्याकरणाची गोष्टही तशीच. व्याकरण नसलेली बोली जगांत नाहीं. व्याकरणाचें पुस्तक नसलेल्या बोली मात्र पुष्कळ आहेत. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं छापलें गेलें आणि ज्ञानेश्वरी त्यापूर्वीं सुमारें साडेपांचशे वर्षें, शके १२१२ मध्यें, सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांची मराठी दादोबांची वाट पाहत व्याकरणावांचून खोळंबली होती असें कोणी म्हणेल काय? आणि वाङ्मयाविषयीं बोलावयाचें तर जात्यावरच्या ओव्या, सणांचीं गाणीं, कहाण्या आणि उखाणे हेंही वाङ्मयच आहे. तें कागदावर उतरलें नाहीं इतकेंच.

तात्पर्य, ज्या बोलीला शाळा, कचेरी आणि छापखाना या तिघांचा आश्रय मिळाला, तिला आपण भाषा म्हणूं लागतों. याचें उत्तम उदाहरण कोंकणीचें आहे. कोंकणी ही मराठीची बोली कीं स्वतंत्र भाषा, हा वाद अनेक वर्षें चालला. १९७५ सालीं साहित्य अकादमीनें तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ सालीं राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत तिचा समावेश झाला. या सतरा वर्षांत गोव्यांतील मासळीबाजारांत चालणारें कोंकणी बोलणें होतें तसेंच राहिलें. बदललें तें त्याला द्यावयाचें नांव.

आतां जुन्या नांवांकडे वळूं. ‘संस्कृत’ याचा अर्थ संस्कार केलेली, घडवून नीट केलेली. ‘प्राकृत’ हा शब्द ‘प्रकृति’ या शब्दापासून निघाला आणि त्याचे अर्थ मात्र दोन लावले गेले. हेमचंद्रादि वैयाकरण म्हणतात, प्रकृति म्हणजे मूळ, तें मूळ संस्कृत, आणि त्यापासून झालेलें तें प्राकृत. उलटपक्षीं रुद्रटाच्या ग्रंथाचा टीकाकार नमिसाधु म्हणतो, प्रकृति म्हणजे सर्व लोकांचा सहज स्वभाव. व्याकरणाचे संस्कार होण्यापूर्वींचें जें स्वाभाविक बोलणें तें प्राकृत. शब्द एकच, पण एका अर्थानें प्राकृत ही लेक ठरते आणि दुसऱ्या अर्थानें ती आई ठरते! दंडीनें तर महाराष्ट्राच्या आश्रयानें वाढलेल्या प्राकृताला सर्व प्राकृतांत उत्कृष्ट म्हणून गौरविलें. गोदाकांठच्या सातवाहनांपैकीं हाल राजाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती याच प्राकृतांत आहे. असें असूनही पुढें ‘प्राकृत जन’ म्हणजे सामान्य, अडाणी लोक असा अर्थ रूढ झालाच. भाषेचें नांव माणसांना चिकटलें, आणि माणसांविषयींचा तुच्छभाव पुन्हा भाषेला चिकटला.

‘अपभ्रंश’ या शब्दाची कथा याहून मनोरंजक आहे. अपभ्रंश म्हणजे खालीं घसरलेलें, बिघडलेलें. पतंजलीनें महाभाष्यांत म्हटलें आहे कीं एकेका शुद्ध शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात. गाय या अर्थाच्या ‘गौः’ या एका शब्दाबद्दल लोक गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे नाना शब्द वापरितात. त्याच्या दृष्टीनें हे बिघाड होते. परंतु कांहीं शतकें लोटलीं, त्या बिघडलेल्या म्हटलेल्या भाषेंत काव्यें रचलीं गेलीं, आणि बाराव्या शतकांत हेमचंद्रानें संस्कृत व प्राकृत यांच्या पंक्तीस बसवून अपभ्रंशाचेंही व्याकरण लिहिलें. जें दूषण होतें तेंच एका मान्य साहित्यभाषेचें विशेषनाम झालें. आज शाळेंत ‘हा त्या शब्दाचा अपभ्रंश आहे’ असें आपण नाक मुरडून सांगतों, तेव्हां हा इतिहास ध्यानांत ठेवावा.

भाषेविषयींच्या या निवाड्यांपुढें मान न तुकविणारे लोकही आपल्याकडे होऊन गेले. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांच्याविषयीं त्या पंथाच्या ग्रंथांत अशी आठवण आहे कीं, एका विद्वान् शिष्यानें शास्त्रार्थ संस्कृतांत मांडावयास आरंभ केला असतां त्यांनीं त्याला थांबविलें. कारण तें संस्कृत पंथांतील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रियांना कळलें नसतें. आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर नरसी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, आणि त्यांचे गुरु विसोबा खेचर यांचें नांव औंढा नागनाथाशीं जोडलेलें आहे. नामदेवांनीं घरच्या मराठींत अभंग रचलेच; शिवाय त्यांच्या नांवाचीं उत्तरेकडील भाषेंतील एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत. तेथें त्यांना ‘बाणी’, म्हणजे वाणी, म्हणतात. ‘वाणी’ हा शब्द आपण पहा कसा वापरितों: संतांची वाणी, देवाची वाणी, आकाशवाणी. आकाशांतून आलेला देवाचा शब्द, असा ज्याचा जुना अर्थ, तेंच नांव आपल्या नभोवाणीनें धारण केलें. बोलणें तेंच, ज्याच्याविषयीं आदर आहे त्याच्या मुखांतून आलें म्हणजे आपण त्याला ‘वाणी’ म्हणतों.

ग्रंथ साहिब ज्या गुरुमुखींत लिहिला आहे, ती भाषा नसून लिपि आहे. आणि येथें एका सार्वत्रिक घोटाळ्याचा उलगडा करणें इष्ट होईल. घरोघरच्या जुन्या पेट्यांतून कागद निघाले म्हणजे लोक म्हणतात, ‘हे मोडी भाषेंत आहेत.’ मोडी ही भाषा नव्हे. कागदांतील भाषा मराठीच. फक्त ती झरझर लिहितां यावी म्हणून अक्षरें मोडून जोडलेलीं असतात. मोडी लिपीच्या जोडीस जी स्वच्छ सुटी देवनागरी होती तिला आपले वाडवडील ‘बाळबोध’ म्हणत. बाळालाही बोध व्हावा अशी ती बाळबोध. आज ‘बाळबोध लेख’ म्हणजे भाबडा, उथळ लेख असा अर्थ झाला आहे. लिपीचें एक सरळ नांव होतें, त्याचीही अखेर निंदा झाली.

आतां ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’. सर्वांत अधिक वापरला जाणारा आणि सर्वांत अधिक दुखविणारा हा शब्द आहे. पाणी शुद्ध असतें, तूप शुद्ध असतें. त्यांत दुसरें कांहीं मिसळलेलें नसतें असा त्याचा अर्थ. या अर्थानें शुद्ध भाषा जगांत कोठें सांपडेल? ‘शुद्ध तूप’ या दोन शब्दांकडेच पहा. ‘शुद्ध’ हा शब्द संस्कृत आणि ‘तूप’ हा शब्द कानडींतील ‘तुप्प’ याचा भाऊ. आपला पगार आणि बटाटा पोर्तुगिजांकडून आला. कागद, हवा, अर्ज आणि जमीन हे शब्द फारसी-अरबींतून आले. हीं सर्व भेसळ काढून टाकूं म्हटलें तर दोन वाक्यें धड बोलतां यावयाचीं नाहींत. तेव्हां शुद्ध भाषा म्हणजे बिनभेसळीची भाषा, हा अर्थ बाद झाला.

मग शुद्ध म्हणजे व्याकरणास धरून असलेली, असा दुसरा अर्थ कोणी करील. तोही तपासून पाहूं. एखादें काम या क्षणीं चालू आहे हें सांगावयाचें आहे. पुण्याकडील मनुष्य म्हणेल, ‘मी काम करतो आहे.’ वऱ्हाडी मनुष्य म्हणेल, ‘मी काम करून राहिलो.’ आमच्या परभणी, हिंगोली, नांदेडकडील मनुष्य म्हणेल, ‘मी काम करूलालो.’ हीं तीन वाक्यें जवळजवळ ठेवून त्यांची घडण न्याहाळावी. तिघांनाही एकट्या ‘करणें’ या क्रियापदानें भागत नाहीं. तिघेही एकेका सहायक क्रियापदाचा आधार घेतात. पहिला ‘असणें’ घेतो, दुसरा ‘राहणें’ घेतो, तिसरा ‘लागणें’ घेतो. ‘करूलालो’ हें ‘करूं लागलों’ याचें बोलून बोलून झिजलेलें रूप होय. आणि ‘राहणें’ या क्रियापदाचा हाच उपयोग हिंदींत ‘कर रहा हूँ’ येथें झालेला दिसेल. ‘काय करूलालास?’, ‘ती येऊलाली’, ‘आम्ही जाऊलालो’ हीं सर्व रूपें नियमानें चालतात. चार वर्षांचें मूलसुद्धां त्यांत चुकत नाहीं. तेव्हां या तीन वाक्यांपैकीं एक शुद्ध आणि दोन अशुद्ध असें ठरविण्यास व्याकरणाचा कांहींएक आधार नाहीं. आधार एवढाच कीं, एकोणिसाव्या शतकांत कोश, व्याकरणें, क्रमिक पुस्तकें आणि वर्तमानपत्रें निघालीं तीं मुख्यतः पुण्यामुंबईस निघालीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. छापखाने कयाधूच्या कांठीं आधीं निघाले असते, तर आज ‘करतो आहे’ म्हणणाऱ्या मुलास गुरुजींनीं ‘नीट बोल’ म्हणून दटाविलें असतें.

‘शुद्धलेखन’ या शब्दाचीही हीच गत. मराठी साहित्य महामंडळानें तयार केलेले नियम शासनानें १९६२ सालीं मान्य केले आणि उच्चारांत न येणारे अनुस्वार लेखनांतून गेले. त्यापूर्वीं ‘नाहीं’, ‘पुढें’, ‘तेव्हां’ हें लेखन शुद्ध होतें. त्यानंतर तें अशुद्ध झालें. माझें हें टिपण मीं जुन्या ग्रंथांच्या वळणानें लिहिलें आहे, तेव्हां आजच्या नियमांनीं त्याच्या ओळीओळींत अशुद्धें निघतील. जी गोष्ट एका ठरावानें शुद्धाची अशुद्ध होते, ती पावित्र्याची गोष्ट नसून केवळ संकेताची आहे. म्हणून अलीकडे कित्येक जाणते लोक ‘शुद्धलेखन’ न म्हणतां ‘प्रमाणलेखन’ म्हणतात, तें मला योग्य वाटतें.

‘नागर’ आणि ‘ग्राम्य’ या जोडीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. नगरांतील तें नागर, ग्रामांतील तें ग्राम्य, इतकाच मूळचा अर्थ. परंतु हे शब्द लिहिणारे नगरांत राहत होते. म्हणून ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत आणि ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य असा अर्थ कोशांत जाऊन बसला. कोश ग्रामांत लिहिले गेले असते तर काय झालें असतें, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं हा मास्तर प्रमाणभाषेच्या विरुद्ध आहे. तसें मुळींच नाहीं. ‘प्रमाण’ या शब्दाचा अर्थच माप असा आहे, आणि मापावांचून व्यवहार चालत नाहीं. पूर्वीं गांवोगांवचे शेर आणि पायल्या लहानमोठ्या असत. गांवांतल्या गांवांत त्यांनीं अडत नसे, पण दूरच्या बाजारांत धान्य नेलें कीं तंटा होई. म्हणून सर्वांनीं मिळून एक माप ठरविलें. भाषेचेंही तसेंच आहे. चंद्रपूरच्या मनुष्याचा अर्ज सिंधुदुर्गांत वाचला जावा, कायद्याचा अर्थ सर्वत्र एकच लागावा, एका जिल्ह्यांत छापलेलें पुस्तक दुसऱ्या जिल्ह्यांतील मुलास समजावें, यासाठीं एक सामाईक मराठी हवीच, आणि ती तांड्यावरील मुलालाही उत्तम आलीच पाहिजे. नाहींतर कचेरीच्या दारांत तो कायमचा परावलंबी राहील. मात्र बाजारांत एक माप ठरलें म्हणून घरांतील वाटी कोणी अशुद्ध म्हणत नाहीं. घरांत वाटीच चालते, आणि वाटीनें घातलेलें मीठ भाजींत चुकत नाहीं.

हें आम्हां मराठवाड्याच्या लोकांना तरी वेगळें सांगावें लागूं नये. कारण भाषेविषयींच्या निवाड्याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. हिंगोलीस संस्थानच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. आणि योगायोग असा कीं ‘उर्दू’ या तुर्की शब्दाचा मूळ अर्थही छावणी असाच आहे. संस्थानच्या कारभाराची भाषा आधीं फारसी व पुढें उर्दू झाली. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें आणि तेथें सर्व उच्च शिक्षण उर्दूंतून देण्याचें ठरलें. इंग्रजीचा दरारा असतांना एका देशी भाषेंतून शास्त्रें शिकविण्याचा तो उपक्रम धाडसाचा होता, आणि त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. परंतु संस्थानांतील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. तिच्या मुलांना शिक्षणाच्या वरच्या पायऱ्या चढतांना घरची भाषा घरींच ठेवून जावें लागे. ज्या मराठींत नामदेवांनीं अभंग गाइले, ती मराठी कचेरीच्या हिशेबीं बोलीच होती! पुढें १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ निघालें, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी ही राज्याच्या कारभाराची भाषा ठरली. दोन दशकांच्या आंत मराठी ओसरीवरून माजघरांत आली.

‘राजभाषा’ हा शब्द आला म्हणून त्याच्या भावंडांचाही अर्थ पाहूं. राजभाषा म्हणजे राज्यकारभाराची भाषा. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदानें देवनागरी लिपींतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द आपण सर्रास वापरितों. पण राज्यघटनेनें तो कोणत्याही एका भाषेला लावलेला नाहीं. आठव्या अनुसूचींत आरंभीं चौदा भाषा होत्या. आज त्या बावीस आहेत. ‘अभिजात’ याचा शब्दार्थ चांगल्या कुळांत जन्मलेला, म्हणजे खानदानी. शासकीय अर्थ निराळा. फार प्राचीन आणि स्वतःचें मोलाचें जुनें वाङ्मय असलेली भाषा ती अभिजात. २००४ सालीं तमिळला हा मान प्रथम मिळाला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठी, पाली, प्राकृत, आसामी व बंगाली या पांच भाषांना तो दिला. मराठीविषयीं आपल्याला आनंद झालाच. पण त्या यादींतील ‘प्राकृत’ हें नांव वाचून मला अधिक मौज वाटली. ज्या शब्दाचा अर्थ अडाणी असा झाला होता, त्याला अखेर कुलीनपणाचा दाखला मिळाला!

आतां ‘मातृभाषा’. जनगणनेंत या शब्दाचा अर्थ असा दिला आहे कीं, बालपणीं आई ज्या भाषेंत त्या व्यक्तीशीं बोलत असे ती भाषा. आई लहानपणींच वारली असल्यास घरांत मुख्यतः जी बोलली जाई ती. व्याख्या सोपी आहे. परंतु लोकांनीं सांगितलेलीं नांवें पुढें कोष्टकांत बसवावीं लागतात. २०११ च्या जनगणनेंत लोकांनीं मातृभाषा म्हणून १९,५६९ निरनिराळीं नांवें सांगितलीं. तीं तपासून, जुळवून अखेरीस दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशा १२१ भाषांचा तक्ता सिद्ध झाला. त्या तक्त्यांत खानदेशी ही स्वतंत्र भाषा आहे. आपलीं पुस्तकें मात्र त्याच बोलण्याला अहिराणी म्हणतात आणि मराठीची बोली समजतात. लमाणी आणि बंजारी या मातृभाषा त्याच तक्त्यांत हिंदी या सदराखालीं मोजल्या आहेत.

याचा अर्थ तांड्यावरील एका मुलाला लावून पहा. तो आईला ‘याडी’ म्हणतो. त्याचे आईबाप आपल्या बोलण्याला गोरमाटी म्हणतात; शेजारचे गांवकरी त्याला लमाणी म्हणतात; जनगणनेचा तक्ता त्याला हिंदींत घालतो; आणि शाळेच्या पुस्तकांत ‘आपली मातृभाषा मराठी’ असें त्याला वाचावें लागतें. एका मुलाच्या जिभेला चार नांवें, आणि त्यांतील एकच त्याच्या आईनें दिलेलें! वर्गांत त्यानें तोंड उघडलें आणि कोणी ‘अशुद्ध बोलूं नकोस’ म्हटलें, तर त्या वाक्याचा अर्थ त्याला काय लागतो? व्याकरणाचा नियम त्याला अजून कळत नाहीं. त्याला एवढेंच कळतें कीं आपली आई जें बोलते तें घाणेरडें आहे. असें मूल पुढें बोलावयाचेंच थांबतें; आणि जें मूल वर्गांत बोलत नाहीं, त्याला येतें किती आणि येत नाहीं किती हें कोणत्याही गुरुजीला कळत नाहीं. माझ्या नोकरीच्या वर्षांत अशीं मुकीं झालेलीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं. गणितांत हुशार असलेला मुलगा केवळ उत्तर उच्चारावयाची लाज वाटते म्हणून मान खालीं घालून उभा राहतो, हें दृश्य एकदां पाहिलेला शिक्षक ‘अशुद्ध’ हा शब्द सहजासहजीं उच्चारणार नाहीं.

मग म्हणावें काय? कांहीं साधे उपाय आहेत आणि ते घरांतही उपयोगी पडतील. बोली आणि प्रमाणभाषा हे दोन शब्द खुशाल वापरावे. पण नात्याच्या अर्थानें वापरावे, दर्जाच्या अर्थानें नव्हे. प्रमाणभाषा हीही मुळांत एका प्रांताची बोलीच होती. मुलाला सांगावें, ‘तुझ्या घरीं असें म्हणतात, आणि पुस्तकांत असें लिहितात, तुला दोन्ही आलीं पाहिजेत.’ या सांगण्यांत त्याचें कांहीं जात नाहीं, उलट एकाच्या जागीं दोन येतात. लेखनांत चूक झाली तर ‘हें नियमाप्रमाणें नाहीं’ म्हणावें. लिपीला लिपि म्हणावें, भाषेला भाषा. आणि ज्या लोकांची बोली असेल, तिला त्यांनीं स्वतः दिलेलें नांव आधीं विचारून घ्यावें.

भाषेविषयीं निवाडा कधींच देऊं नये काय? द्यावा, अवश्य द्यावा. ‘ही काय भाषा झाली?’ असें आपण उर्मट मनुष्यास विचारतों, तेथें ‘भाषा’ याचा अर्थ रीत असा आहे आणि तो प्रश्न अगदीं योग्य आहे. बोलणें शिवराळ असतें, लागट असतें, मोघम असतें, खोटें असतें. हे सर्व दोष खरे आहेत, कारण ते मनुष्य आपल्या मर्जीनें करितो आणि मनांत आणील तर टाळूं शकतो. कोणत्या घरीं जन्म घ्यावा आणि आईच्या तोंडून कोणते शब्द प्रथम ऐकावे, हें मात्र कोणाच्या हातीं नसतें. आपल्या व्यवहारांत ‘बोली’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. दोघांचें कांहीं ठरलें असलें म्हणजे आपण म्हणतों, ‘आमची अशी बोली झाली होती’. आणि त्या बोलीस जो जागतो त्याला आपण सज्जन म्हणतों. हें बोलणें पुण्याच्या मराठींत झालें होतें, कीं वऱ्हाडींत, कीं गोरमाटींत, याची चौकशी तेथें कोणी करीत नाहीं. शाळेंतही ती अगोदर करूं नये. मुलानें उत्तर काय दिलें तें प्रथम ऐकून घ्यावें.